प्लाझ्मा की एलसीडी? भांडण अजून मिटलेलं नाही!

प्लाझ्मा टीव्ही दुकानांतून जाऊन दहा वर्षं उलटली. एलसीडी जिंकला, विषय संपला, असं आपण समजून चाललो. पण आज नवा टीव्ही घ्यायला निघालात तर तोच जुना सवाल नवी नावं घेऊन समोर उभा राहतो. उत्तर मात्र शोरूममध्ये मिळत नाही, ते असतं आपल्या हॉलमध्ये!

शनिवारची संध्याकाळ. सावेडीतलं एक मोठं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. समोरच्या भिंतीवर वीस-बावीस टीव्ही आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ... रंगीबेरंगी पोपट, उकळता लाव्हा आणि स्लो मोशनमध्ये दुधात पडणारी स्ट्रॉबेरी! बाबा हात मागे बांधून एकेका टीव्हीसमोर उभे. सेल्समन पोरगा जाम उत्साहात. "काका, हा क्यूएलईडी, हा मिनी एलईडी, तो कोपऱ्यातला ओएलईडी आणि हा आपला साधा फोर-के." बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातला प्लाझ्मा कुठला?"

पोरगा दोन सेकंद गप्प. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, ते मॉडेल आपल्याकडे येत नाही."

हसू नका. बाबांचा प्रश्न वाटतो तितका आउटडेटेड नव्हता. उलट त्या संध्याकाळी दुकानात विचारला गेलेला तो सगळ्यात कामाचा प्रश्न होता, हे मला घरी आल्यावर, तेही दोन रात्री वाचन केल्यावर कळलं.

मुळात आम्ही दुकानात पोचलो कसे, ते सांगते. २००८च्या दिवाळीत आमच्या घरी ४२ इंची प्लाझ्मा आला. मी तेव्हा शाळेत. किंमत बाबांच्या दोन-अडीच पगारांएवढी. दोघा माणसांनी तो जिन्यावरून वर चढवला, तेव्हा अख्खी बिल्डिंग बघायला उभी होती. त्यानंतर २०११चा वर्ल्ड कप, दादाचं लग्न ठरल्यावरचे फोटो, लॉकडाऊनमधलं रामायण... सगळं त्याच्यावर झालं. आणि सतरा वर्षांनी एका रात्री बातम्या सुरू असताना "टक्" असा आवाज आला आणि पडदा काळा पडला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं, बराच वेळ टॉर्च मारला आणि निकाल दिला, "काका, पॅनेल ठणठणीत आहे. पण मागचा बोर्ड गेलाय, आणि हा बोर्ड आता कुठंच मिळायचा नाही."

म्हणजे माणूस धडधाकट, पण त्याच्या रक्तगटाचा जगात दुसरा कोणी उरला नाही, अशी गत!

तेव्हा नक्की काय भांडण होतं?

ज्यांचं कॉलेज २००५ ते २०१०च्या दरम्यान झालंय, त्यांना आठवत असेल. घरात नवा टीव्ही घ्यायचा म्हटलं की काका, मामा, शेजारी, ऑफिसातले कलीग, सगळे दोन पार्ट्यांत वाटले जायचे. एक प्लाझ्मावाले, दुसरे एलसीडीवाले. बहुतेकांना दोन्हींतला फरक "तो जाड असतो आणि हा पातळ" एवढाच माहीत असायचा.

खरा फरक होता उजेडाचा. प्लाझ्माच्या पडद्यात लाखो बारीक कप्पे असत. त्यांत निऑन आणि झेनॉन वायू भरलेला. वीज गेली की त्या वायूतून अतिनील किरण निघत, ते कप्प्याच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आदळत आणि कप्पा लाल, हिरवा किंवा निळा उजळे. सोप्या भाषेत, लाखो चिमुकल्या ट्यूबलाइट्स! जिथे काळा रंग हवा तिथली ट्यूब जवळपास विझवून टाकायची, बस.

एलसीडीचं गणित उलटं. तिथे मागे कायम दिवा चालू आणि पुढे लिक्विड क्रिस्टलचा पडदा. खिडकीच्या पट्ट्या आपण उघडतो, मिटतो ना, तसेच हे क्रिस्टल उजेड आत सोडतात किंवा अडवतात. पण खिडकी कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड येतोच. म्हणून एलसीडीचा काळा रंग अंधारात बघितला की राखाडी दिसायचा. शिवाय सुरुवातीच्या एलसीडीत हे क्रिस्टल जरा आळशी. बॅट्समनने चेंडू टोलवला की त्याच्यामागे धूमकेतूसारखं शेपूट दिसायचं!

प्लाझ्माची कल्पना तशी बरीच जुनी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन या तिघांनी १९६४ मध्ये पहिला प्लाझ्मा डिस्प्ले बनवला, तोही कॉम्प्युटरवर शिकवण्यासाठी. घरात लावायचे ४२ इंची प्लाझ्मा बाजारात यायला १९९७ उजाडलं. आणि २००७ मध्ये पायोनियर कंपनीने 'कुरो' नावाची मालिका काढली. कुरो म्हणजे जपानीत काळा. तसा काळा रंग टीव्हीवर त्याआधी कोणी पाहिला नव्हता. जाणकारांनी डोक्यावर घेतलेला हा टीव्ही... आणि २००९च्या सुरुवातीला त्याच पायोनियरने टीव्हीच्या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं!

पुढचं सगळं भराभर झालं. पॅनासॉनिकने २०१३च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं थांबवलं. सॅमसंग आणि एलजीने २०१४ संपता संपता. खेळ खल्लास.

मग चांगलं चित्र हरलं कसं?

इथे खरी गंमत आहे. त्या काळातले तज्ज्ञ बहुतांशी एका गोष्टीवर सहमत होते, की अंधाऱ्या खोलीत प्लाझ्माचं चित्र सरस. मग लोकांनी एलसीडी का घेतला?

पहिलं कारण, दुकान. शोरूममध्ये भरपूर ट्यूबलाइट. त्या झगझगाटात प्लाझ्माच्या काचेवर तुमचंच तोंड दिसायचं आणि एलसीडी मात्र भडक, चकचकीत. माणूस पाच मिनिटं दुकानात बघायचा आणि पुढची दहा वर्षं घरात. पण निर्णय त्या पाच मिनिटांचा!

दुसरं, वजन आणि वीज. ४२ इंची प्लाझ्मा म्हणजे तीस किलोच्या घरातला ऐवज. आमच्या टीव्हीच्या मागच्या पट्टीवर ३०० वॉटचा आकडा होता. त्या वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंग कसं होतं ते आठवा. आमचा इन्व्हर्टर पंखे आणि दोन ट्यूबा ओढायचा. प्लाझ्मा लावला की बिचारा किंचाळायला लागायचा.

तिसरं, साइज. प्लाझ्माचे कप्पे फार बारीक करता येत नसत, त्यामुळे लहान टीव्ही बनवणं अवघड आणि पुढे फोर-केची दाटी तर आणखीनच अवघड. एलसीडी मात्र लॅपटॉपपासून भिंतभर टीव्हीपर्यंत सगळीकडे. कारखाने वाढले, माल वाढला, भाव उतरले. २००७ संपता संपता जगभरात एलसीडीने काचेच्या पिक्चर ट्यूबलाही मागे टाकलं.

आणि चौथं कारण फक्त आपल्यासारख्या गावांचं. आम्ही एवढा महागाचा टीव्ही घेतला, पण त्यावर बघत काय होतो? केबलवाल्याची मुंग्या येणारी वायर! भारतात डीटीएचवर एचडी चॅनेल्स आली २०१०च्या सुमारास. दूरदर्शननेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉमनवेल्थ गेम्स एचडीत दाखवले. केबल डिजिटल करण्याच्या सरकारी वेळापत्रकात मुंबईचा नंबर पहिल्या टप्प्यात लागला, पुणे-नाशिक दुसऱ्यात. नगरसारखी उरलेली शहरं तिसऱ्या टप्प्यात, मुदत ३१ डिसेंबर २०१५. म्हणजे बघा, नगरच्या केबलची डिजिटल व्हायची तारीख आली, तोवर प्लाझ्मा बनवणारे मोठे कारखाने बंद होऊन वर्ष झालं होतं. ज्याने डीटीएच घेतलं नाही त्याच्या घरात तो टीव्ही आयुष्यभर अर्ध्या पोटी राहिला!

नगरच्या दोन हायवेंवरची गोष्ट

ही सगळी लढाई जपान-कोरियात झाली असं वाटत असेल, तर जरा नगरच्या आजूबाजूला बघा.

संभाजीनगरच्या रस्त्याला लागलात आणि पुढे पैठण रोडला वळलात, की चितेगाव. इथे व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना. धूत कुटुंबाची ही कंपनी म्हणजे मराठवाड्याचा अभिमान. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिला कलर टीव्ही याच कंपनीचा आला. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन अशा चार देशांत कारखाने! एक मराठवाड्यातली कंपनी जगातल्या बड्या ट्यूब उत्पादकांत जाऊन बसली. तेव्हा भारतात विकल्या जाणाऱ्या टीव्हींत डब्याच्या टीव्हींचाच भरणा होता, त्यामुळे हिशेब अगदीच चुकीचा वाटत नव्हता. पण दोनच वर्षांत जगाने ट्यूबकडे पाठ फिरवली. प्लाझ्मा की एलसीडी, या भांडणात व्हिडिओकॉनने जो मोठा डाव लावला, तो तिसऱ्याच घोड्यावर, आणि तो घोडा तर शर्यतीतूनच बाद झाला! कंपनी पुढे २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याला टेलिकॉमपासून तेलापर्यंतचं कर्ज आणि इतर बरीच कारणं होती. पण ट्यूबचा हा सौदा चुकलेल्या वेळेचं उदाहरण म्हणून लक्षात राहतो.

आता उलट्या दिशेला, पुणे रोडला या. शिरूरच्या पुढे रांजणगाव. गणपतीला जाताना उजव्या-डाव्या हाताला एमआयडीसी दिसते, तिथे एलजीचा कारखाना आहे आणि तिथे टीव्ही बनतात. या कोरियन कंपनीने प्लाझ्मा आणि एलसीडी दोन्ही विकले. प्लाझ्मा बुडतोय असं दिसल्यावर २०१४ मध्ये तो सोडला. पण त्याआधीच, २०१३ मध्ये, ५५ इंची ओएलईडी टीव्ही बाजारात आणून ठेवला होता.

या दोन गोष्टींतून मला एकच समजलं. एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांना जिथे पुढचं दिसलं नाही, तिथे "पुढच्या दहा वर्षांत कोणती टेक्नॉलॉजी चालेल" याचा अंदाज आपण हॉलमध्ये बसून बांधण्यात अर्थ नाही. आपण एवढंच बघायचं, की आज माझ्या घरात कोणता चालेल.

नवी नावं, जुनंच भांडण

तर आता परत त्या दुकानात चला. भिंतीवरच्या वीस नावांना घाबरू नका. त्यांत मुळात दोनच जाती आहेत.

पहिली, एलसीडी. होय, ज्याला आज "एलईडी टीव्ही" म्हणतात तो एलसीडीच! पूर्वी मागे बारीक ट्यूबा असायच्या, आता एलईडी दिवे असतात, एवढाच बदल. क्यूएलईडी म्हणजे तोच एलसीडी, फक्त रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर मध्ये घातलेला. मिनी एलईडी म्हणजेही तोच, पण मागचे दिवे शेकडो-हजारो आणि गटागटाने मंद करता येणारे, म्हणजे काळा जरा जास्त काळा.

दुसरी जात, ओएलईडी. इथे मागे दिवा नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, स्वतः विझतो. ओळखीचं वाटतंय? बरोब्बर, हा प्लाझ्माचा मानसपुत्र! गुणही तेच... गडद काळा, कुठूनही बघा तरी सारखे रंग, चेंडूला शेपूट नाही. आणि दोषही तेच. भर उजेडात एलसीडीच्या मानाने मंद, किंमत जास्त आणि एकच चित्र तासन् तास राहिलं तर त्याचा डाग पडद्यावर राहण्याची भीती. आमच्या प्लाझ्मावर एका न्यूज चॅनेलचा लोगो शेवटपर्यंत भुतासारखा दिसायचा. आजच्या ओएलईडीत तो टाळण्याच्या युक्त्या असतात, पिक्सेल हलके सरकवतात, रात्री आपोआप साफसफाई करतात. धोका कमी झालाय, संपलेला नाही.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, "काका, तो कोपऱ्यातला ओएलईडी."

आधी घर बघा, मग टीव्ही

कोपऱ्यातला तो ओएलईडी बघून दादा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पेटला होता. "ईएमआय मी भरतो, घेऊन टाका!" मलाही मोह झाला. पण मग रविवारी सकाळी मी एक उद्योग केला. वही घेऊन आमच्याच हॉलमध्ये बसले आणि पाच गोष्टी लिहून काढल्या. तुम्हीही करा.

एक, उजेड. आमचा सावेडीतला फ्लॅट पश्चिमेचा. दुपारी तीननंतर खिडकीतून थेट ऊन. अशा खोलीत जास्त ब्राइटनेसचा एलसीडी बरा. तेच माझ्या मैत्रिणीचं दाळमंडईकडच्या जुन्या वाड्यातलं माजघर, जिथे भरदुपारी दिवा लावावा लागतो, तिथे ओएलईडी राजासारखा दिसेल. एकच टीव्ही, एकच शहर, पण दोन घरांत दोन वेगळी उत्तरं!

दोन, अंतर. सोपा हिशेब. टीव्हीचे इंच गुणिले १.६, आलं तेवढे इंच लांब बसा. ५५ इंचासाठी ८८ इंच, म्हणजे साधारण सव्वासात फूट. ४३ इंचासाठी पावणेसहा फूट. आमचा सोफा साडेसहा फुटांवर, म्हणजे ५० इंच पुरे. शेजारच्यांनी ६५ घेतला म्हणून आपण घ्यायचा, तर मान दुखल्यावर शेजारी बाम लावायला येत नाहीत.

तीन, कोण काय बघतं? फोर-केच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल. साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात चार लाखांच्या थोडे वर. म्हणजे टीव्हीला वीसपट जागा स्वतःच्या अंदाजाने भरावी लागते. चित्र पसरट दिसलं तर दोष टीव्हीला देऊ नका. सेट टॉप बॉक्स एचडी घ्या, आवडत्या मराठी चॅनेल्सचं एचडी पॅक घ्या. आणि घरात दिवसभर न्यूज चॅनेल चालू असेल, खाली पट्टी, वर लोगो, बाजूला शेअर बाजार, तर ओएलईडीचा विचार दहा वेळा करा. आमच्याकडे बाबा रिटायर झाल्यापासून सकाळी सात ते रात्री दहा तेच!

चार, वीज. ३०० वॉटचा प्लाझ्मा रोज पाच तास चालला तर महिन्याला ४५ युनिट. आज ५० इंची एलसीडी शंभर वॉटच्या आसपास धरला तर १५ युनिट. तीस युनिटचा फरक महावितरणच्या बिलावर तुम्हीच मांडून बघा.

आणि पाच, कोण कुठे बसतं? हे मी सगळ्यात शेवटी लिहिलं आणि तिथेच थांबले.

आजीची खाट

आमच्या हॉलमध्ये सोफा समोर आहे. पण आजीची खाट आहे बाजूच्या भिंतीला, टीव्हीच्या अगदी तिरकस. दोन वर्षांपूर्वी कंबरेचं हाड मोडल्यापासून तिचं जग म्हणजे ती खाट, शेजारची खिडकी आणि टीव्ही. प्लाझ्मा होता तोवर कधी प्रश्न आला नाही, कारण प्लाझ्मा कुठूनही सारखाच दिसायचा. तो बिघडल्यावर आम्ही तात्पुरता दादाचा जुना एलसीडी आणून लावला. आम्हाला समोरून छान दिसत होता. आजी मात्र तिसऱ्या दिवशी म्हणाली, "या बायका सगळ्या आजारी आहेत का गं? तोंडं अशी पांढरीफटक का?"

मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. खरंच, सगळे चेहरे पीठ फासल्यासारखे! इतके दिवस आमच्यापैकी एकही जण तिच्या जागेवरून टीव्ही बघायला बसला नव्हता.

याचं कारण असं, की एलसीडीच्या आतही दोन प्रकार आहेत. व्हीए पॅनेलचा काळा रंग चांगला, पण बाजूने बघितलं की रंग धुऊन जातात. आयपीएस पॅनेलमध्ये काळा थोडा राखाडी, पण बाजूनेही चेहरे चेहऱ्यासारखे दिसतात. दुकानातला पोरगा हे सांगत नाही, बॉक्सवरही बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. पण ओळखायला पाच सेकंद लागतात. टीव्हीच्या समोरून बाजूला सरका, भिंतीला खेटून उभे राहा आणि पडद्यावरच्या माणसाच्या गालाचा रंग बघा.

पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो. या वेळी सोबत पेनड्राइव्ह होता, त्यात आमच्याच घरच्या लग्नाचा व्हिडिओ. पोपट आणि लाव्हा बंद करायला लावला, टीव्ही शोरूम मोडमधून काढून साध्या सिनेमा मोडवर आणायला लावला आणि बाबांना सरळ बाजूला, आजीच्या कोनात उभं केलं. सेल्समन बघतच राहिला. चार टीव्हींतले तीन त्या कोनात नापास झाले. ज्या ५५ इंचीवर माझा डोळा होता, तोही! ओएलईडी अर्थातच पास, पण त्याची किंमत लाखापलीकडे आणि बाबांचं न्यूज चॅनेल दिवसभर. शेवटी घेतला आयपीएस पॅनेलचा ५० इंची साधा फोर-के. त्याचा काळा रंग थोडा फिका आहे, मान्य. पण आमच्या घरात आई कधी ट्यूब बंद करू देत नाही, त्यामुळे तो फिकेपणा बघायला अंधार आहे कुणाकडे?

आणि ५५ऐवजी ५० घेतल्याने वाचलेल्या पैशांत एक छोटा साउंडबार घेतला. पातळ टीव्हींचे स्पीकर खाली तोंड करून कुजबुजतात. आजीला कमी ऐकू येतं, म्हणून टीव्हीचा आवाज कायम चाळीसवर आणि त्यावरून रोजची भांडणं. आता संवाद स्पष्ट येतात, आवाज वीसवर आला. घरातली शांतता इंचांत मोजता येत नाही!

दुकानात जाण्याआधी

* हॉलमध्ये दुपारी तीन आणि रात्री नऊला, दोन्ही वेळा बसून उजेड बघा.
* घरातल्या प्रत्येकाची बसायची जागा कागदावर काढा. कोण तिरकस बसतं त्यावर खूण करा. ओट्यापाशी उभं राहून मालिका बघणारी आईसुद्धा त्यात धरा.
* पेनड्राइव्हमध्ये स्वतःचा व्हिडिओ न्या. त्यात माणसांचे चेहरे आणि एक अंधारातला सीन हवाच.
* शोरूम मोड बंद करून बघा. घरी आल्यावरही 'व्हिव्हिड' बंद, 'सिनेमा' चालू. चित्र सारवल्यासारखं गुळगुळीत दिसत असेल तर मोशनचं सेटिंग बंद करा.
* एचडीआर लिहिलेला प्रत्येक टीव्ही एचडीआरला न्याय देत नाही. स्वस्त टीव्हीत तेवढा उजेडच नसतो. त्या स्टिकरसाठी जादा पैसे मोजू नका.
* डाग पडला तर वॉरंटीत बसतं का, हे ओएलईडी घेताना लेखी विचारा.
* ३२ इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय. बिल नीट बघून घ्या.
* वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग काढाच, आणि डिशची किंवा इंटरनेटची वायरही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.
* जुना टीव्ही भंगारात फोडायला देऊ नका. जुन्या एलसीडीच्या ट्यूबांत पारा असतो. एक्सचेंजमध्ये द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी.

आमचा प्लाझ्मा ई-कचऱ्यात गेला, तेव्हा बाबा गाडीपर्यंत सोडायला गेले. वर चढवताना दोन माणसं लागली होती, खाली उतरवतानाही दोनच लागली. नवा टीव्ही मात्र बाबांनी स्वतः एका हातात धरून भिंतीवर टांगला आणि जरा हिरमुसले. "वजनच नाही याला," म्हणाले.

रात्री नऊला सगळे हॉलमध्ये. मी आधी आजीच्या खाटेवर बसून बघितलं, चेहरे चेहऱ्यासारखे दिसत होते. मग तिला विचारलं, "आजी, दिसतंय का नीट?"

आजीने चष्मा सारखा केला, पाच मिनिटं मालिका बघितली आणि म्हणाली, "दिसतंय तर स्वच्छ. पण ही बाई तीन वर्षं त्याच घरात तेच रडतेय. टीव्ही बदललात, आता हिला पण बदला!"

त्यावर मात्र अजून कुठल्याच कंपनीकडे उपाय नाही.